वाचून दाखवले, बरोबर आहे

भामाकाकी कोणाच्याही घरात शिरायच्या आधी उंबऱ्याशी थांबून दोन्ही तळहात उघडे करून दाखवायची. वाटीभर रवा मागायला आली तरी आणि बारशाला आली तरी. हात पुढे, तळवे वर, बोटं फाकलेली. मग हात उलटे करायची, पदर झटकायची आणि आत पाऊल टाकायची. मी लग्न होऊन दहिसरला आले त्या आठवड्यात ती अशीच दारात उभी राहिली. मला वाटलं, ही काहीतरी मागते आहे. मी गोंधळून तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तिने तो तोंडात टाकला आणि म्हणाली, "गोड आसा. पण मी हात दाखवतंय गो, मागतंय खय?"

ही सवय तिला कशामुळे लागली ते कळायला मला वर्ष गेलं.

आमची चाळ नदीच्या वळणावर होती. बारा खोल्या, पुढे सामाईक गॅलरी, बहुतेक बिऱ्हाडं कोकणातली. मी घाटावरची, चौथी झालेली, आणि चारजणांत तोंडातून शब्द न फुटणारी. नळावर बायका मला 'मुकी' म्हणत, तेही मला ऐकू येईल अशा बेताने. काकी आमच्या शेजारच्या खोलीत एकटी राहायची. मालवणकडची. नवरा तिच्या तिशीतच गेला, मूलबाळ नव्हतं. एका प्रसूतिगृहात ती आया होती. उंच, सावळी, हात पुरुषासारखे मोठे. कोणाच्या अंगाला हात लावण्याआधी ती ते कोमट पाण्याने धुवायची आणि एकमेकांवर चोळायची. "थंड हात लावलो तर बाई आखडता," म्हणायची. बाळंतिणींसाठी लावलेली ही सवय तिने पुढे सगळ्यांसाठी ठेवली.

नदीपलीकडच्या झोपड्यांत तेव्हा हातभट्टीची दारू यायची. ती वाहून आणायला बायका असायच्या. सायकलच्या ट्यूबमध्ये दारू भरायची, ट्यूब कमरेला गुंडाळायची, वरून लुगडं. पोलिसांना हे ठाऊक होतं. पण बाईच्या अंगाला हात बाईनेच लावायचा असा कायदा आहे, आणि आमच्या चौकीत तेव्हा एकही बाई शिपाई नव्हती. शिवाय झडती घ्यायची तर दोन पंच लागतात, त्याच वस्तीतले, लोकांत बऱ्यापैकी मान असलेले. त्यांच्यासमोर जे सापडलं, जे नाही सापडलं, ते कागदावर उतरवायचं आणि खाली त्यांच्या सह्या घ्यायच्या. तो पंचनामा. एक पंच कायमचा ठरलेला होता, नाक्यावरचा पानवाला. त्याची सही इतकी तयार की कागद कोरा असला तरी चालायचं. दुसरी भामाकाकी. चौकीतले जाधव हवालदार तिला बोलवायला यायचे. वयस्कर होते, सायकल भिंतीला टेकवून खालूनच हाक मारायचे, "काकी, येताय ना?"

एका दुपारी अशी हाक आली आणि काकी माझ्या दारात आली. हात दाखवले, पदर झटकला. म्हणाली, "सुमन, चादर धरूक चल गो. नेहमीची बाय आजारी आसा."

मी काही बोलायच्या आतच तिने माझ्या हातात घडी दिली. हिरव्या चौकड्यांची जाड चादर होती. ती अंथरायची नाही, पांघरायची नाही. फक्त झडतीला न्यायची आणि आल्यावर धुवायची. चादरीचं एक टोक खिळ्याला अडकवायचं, दुसरं मी हात उंच करून धरायचं. आडोशाला काकी आणि जिची झडती घ्यायची ती बाई. मी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. "तू बघू नको," काकी म्हणाली, "तिका लाज वाटता आणि तुका पण."

पण झडती सुरू व्हायच्या आधी जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. काकीने मिश्रीची डबी कनवटीतून काढून माझ्याकडे दिली. मग त्या बाईसमोर हात पसरून उभी राहिली. "घे, आधी माका तपास. माझ्याकडे काय नाय ता बघ. नायतर उद्या म्हणशीत, म्हातारीनंच माझ्या कमरेक बांधल्यान."

बाई हसायलाच लागली. तिची झडती घ्यायला पोलीस आलेले आणि तीच पोलिसांच्या माणसाची झडती घेते आहे. तिने काकीला वरवर चाचपलं. काकी म्हणाली, "नीट बघ. कमरेक बघ."

तेवढ्यावर ती थांबली नाही. हवालदारांकडे वळली. "आता तुमचे खिसे."

बरोबरचा तरुण शिपाई भडकला. "ओ काकी, डोकं फिरलं काय? आम्ही पोलीस आहोत."

"म्हणान तर सांगतंय. घरात शिरणाऱ्यान आधी आपला अंग दाखवायचा. ह्यो तुमचोच कायदो. तुमच्याच साहेबान माका शिकवलोहा."

जाधव हवालदारांनी मुकाट्याने खिसे उलटे केले. तंबाखूची चंची, कंगवा, आणि बाहुलीचा एक तुटका हात. लाल प्लॅस्टिकचा. सगळे त्या हाताकडे बघत राहिले. हवालदार कसनुसे हसले. "नातीचा आहे. चिकटवायला फेव्हिकॉल आणायचाय."

"लिवा ता पण," काकी म्हणाली. "पंचनाम्यात. बाहुलीचो हात एक."

त्या दिवशी त्या बाईकडे ट्यूब सापडली. काकीने ती स्वतःच्या हाताने सोडली आणि बाहेर आणून ठेवली. तिला कोणी पाठीशी घालणारी समजू नये. असलं तर आहे म्हणायची, नसलं तर नाही म्हणायची. ती सापडलेली बाई जाताना काकीच्या पाया का पडली ते मात्र मला तेव्हा कळलं नाही. नंतर मी विचारलं. काकी म्हणाली, "हात कोमट होतो माझो, म्हणान."

काकीला अक्षर येत नव्हतं. पण वाचून दाखवल्याशिवाय ती अंगठा देत नसे. पंचनाम्याच्या शेवटी एक ओळ नेहमीची असते, 'वाचून दाखवले, बरोबर आहे.' त्याच्या खाली पंचाची सही. पूर्वी हवालदारच वाचून दाखवायचे. माझं चौथीपर्यंतचं शिक्षण कळल्यावर काकीने ते काम मला लावलं. "लिवणाऱ्यानंच वाचूचा नाय," तिचं म्हणणं. मी वाचायला लागले की ती डोळे मिटायची आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकवायची. एक वस्तू, एक पेर. एकदा मी वाचलं, 'अंगावर हिरवे लुगडे.' तिने डोळे उघडले. "हिरवा नाय. मोरपंखी." हवालदार म्हणाले, काकी, काय फरक पडतो? काकीने अंगठा मुठीत घेतला आणि मूठ पदराखाली. त्यांनी हिरवे खोडून मोरपंखी लिहिलं तेव्हा मूठ बाहेर आली.

माझा आवाज मात्र तिला कधी पसंत पडला नाही. मी कागद तोंडाजवळ धरून पुटपुटायची. "मोठ्यान वाच गो. कागद काय तुझ्या नि माझ्या कानात सांगूक लिवलेलो नाय. त्या पानवाल्याक पण आयकाक होया." मी एखादं वाक्य मोठ्याने वाचायची, पुढच्या वाक्याला आवाज पुन्हा घशात जायचा.

आमच्या चाळीत कर्णिककाका म्हणून एक होते. ऑफिसात हेडक्लार्क, पांढरेशुभ्र कपडे. त्यांच्याकडे दारू पिण्याचा सरकारी परवाना होता. तब्येतीसाठी म्हणून डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडून मिळवलेला. तो त्यांनी चौकट करून देवाच्या तसबिरीशेजारी लावला होता. रविवारी दुपारी ते खुर्ची दारात ओढून स्टीलच्या पेल्यातून थोडी थोडी घ्यायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला राजकारण सांगायचे. कोणीतरी तक्रार केली, हे उघड्यावर पितात. हवालदार आले, काकीला हाक गेली.

कर्णिककाका परवान्याची चौकट छातीशी धरून उभे. "माझ्या घरात बसून पितो. कायदा मलाही कळतो."

"घरात पिता तर गॅलरीतून तक्रार कशी आली?" हवालदार म्हणाले.

काकी खाली बसली. खुर्ची होती तशीच होती. तिने खुर्चीचा एकेक पाय बोटाने दाखवला. "मागचे दोन पाय उंबऱ्याच्या आत. फुडचे दोन भायर. भायरची वाट चाळीची, सगळ्यांची. आता पेलो खयच्या हातात होतो ता सांगा. हात फुडे होतो की मागे?"

गॅलरीत जमलेले सगळे फुटून हसले. कर्णिककाकाही. हवालदारांनी वही मिटली आणि म्हणाले, "काका, खुर्ची एक हात मागे घ्या आणि आम्हाला सोडा." दुसऱ्या रविवारी काकीने खडूने त्यांच्या उंबऱ्याच्या आत एक रेघ ओढून दिली. म्हणाली, "हयपर्यंत तुमचो परवानो." ती रेघ पुसली की काका स्वतः तिला बोलवून पुन्हा ओढून घ्यायचे.

ज्यांच्याकडे परवाना नव्हता ते नदीवर जायचे. पुलाखाली मोठे खडक होते, संध्याकाळी तिथे पाचसात पुरुष बाटली घेऊन बसायचे. एकदा काकी कामावरून येताना पुलावर थांबली आणि पोलिसी आवाज काढून ओरडली, "परवानो खय आसा रे?" सगळे चिखलातून पळाले. चपला तिथेच. काकीने खाली उतरून त्या गोळा केल्या, पुलाच्या कठड्यावर ओळीने मांडल्या आणि घरी आली. दिवेलागणीला बायका एकेक करून गेल्या, आपापल्या घरची चप्पल ओळखून घेऊन आल्या. चाळीत आठवडाभर तेच हसणं चालू होतं.

मी गेले नाही. आमचे हे त्या दिवशी अनवाणी आले होते, आणि मी काही विचारलं नाही. काळोख पडल्यावर काकी आली, हात दाखवले. पदराखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला जोड होता. "ह्यो तुमच्याकडलो दिसता. मी कठड्यावर ठेवलंय नाय." एवढंच बोलली आणि गेली. तिने तो विषय पुन्हा काढला नाही, माझ्याकडे नाही, यांच्याकडेही नाही.

आता शेवंताचं लिहायचं आहे.

शेवंता पलीकडच्या झोपडीत राहायची. नवरा सोडून गेलेला, आठ महिन्यांची मुलगी. ती मुलगी काकीच्याच हातात जन्मलेली. शेवंता पूर्वी ट्यूब वाहायची. एकदा पकडली गेली होती, काकीनेच सोडवली होती ती ट्यूब तिच्या कमरेची. पण मुलगी झाल्यापासून तिने ते काम बंद करून कागदाच्या पिशव्या चिकटवायला घेतल्या होत्या.

चौकीत नवीन साहेब आले होते. तरुण, घाईचे. दुपारी बाराला काकीला हाक आली, मी चादर घेऊन मागे. आदल्याच रात्री जेवताना हे मला बोलले होते, "त्या काकीमागे पोलिसांच्या भानगडीत फिरू नकोस. उद्या तुलाच कोर्टात उभं करतील. बोलता येईल का तुला तिथे?" ते रागाने बोलले नव्हते. खरंच विचारत होते. मला रात्रभर तेच दिसत होतं, मी पिंजऱ्यात उभी आहे आणि तोंड उघडत नाही.

काकीने शेवंताला आधी आपलं अंग दाखवलं. साहेबांना खिसे दाखवा म्हणाली तेव्हा साहेबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. जाधव हवालदारांनी आपले उलटे केले. चादरीआड झडती झाली. काकी बाहेर येऊन म्हणाली, "अंगावर काय नाय." झोपडीत काही नव्हतं. मागे जळणाचा ढीग होता, तीन झोपड्यांचा मिळून. त्याच्याखाली एक ट्यूब निघाली. ती कोणाची, ते कोणी सांगू शकलं नसतं.

साहेब स्टुलावर बसून लिहीत होते. लिहून झालं, कागद माझ्या हातात दिला. "वाच लवकर. अजून दोन ठिकाणी जायचंय."

भोवती दहाएक माणसं. मुलगी रडत होती. मी वाचायला लागले. तारीख, जागा, पंचांची नावं. काकीचे डोळे मिटलेले, अंगठा पेरावर. मग ती ओळ आली. 'सदर बाईच्या कमरेस बांधलेली रबरी ट्यूब मिळून आली.'

मी थांबले. साहेबांनी वर पाहिलं. त्यांची नजर माझ्यावर होती आणि त्यांना माहीत होतं की मी कुठल्या ओळीवर आहे. मी ती ओळ गिळली आणि खालची वाचली. 'जळणाच्या ढिगाची पाहणी केली.' पुढचं सगळं भराभर वाचलं.

काकीने डोळे उघडले. "झाला? इतक्याच?"

"इतकंच, काकी," मी म्हणाले.

तिने अंगठा शाईत बुडवून कागदावर उमटवला.

शेवंता चार दिवसांनी जामिनावर सुटली. खटला उभा राहायला कित्येक महिने गेले. पहिली नोंद अंगावर होतीच, या वेळी शिक्षा झाली तर तुरुंग, आणि मुलगी सांभाळायला कोणी नाही. काकी तिला धीर द्यायची. नळावर माझ्यासमोरच सांगायची, "भिया नको. कागदात सगळा बरोबर लिवलाहा. अंगावर काय गावूक नाय असाच लिवलाहा. सुमननं वाचल्यान, मी आयकलंय." मी हंडा भरत राहायची. शेवंताला मिळालेली नक्कल तिच्याकडे होती, पण तिलाही वाचता येत नव्हतं, आणि तिच्या वकिलाने तिला काही सांगितलं नव्हतं. रोज सकाळी मी ठरवायची, आज काकीला सांगेन. काकी दारात यायची, दोन्ही हात उघडे करून दाखवायची, आणि त्या हातांकडे बघून माझ्याने काही बोलवायचं नाही.

कोर्टात काकीबरोबर मीच गेले. मागच्या बाकावर बसले. शेवंता समोर, मुलगी मांडीवर. काकीने धुतलेलं पांढरं लुगडं नेसलं होतं. पिंजऱ्यात चढण्याआधी तिने तळहात दाखवले, सवयीने. कोर्टातला शिपाई बघतच राहिला.

सरकारी वकिलांनी पंचनामा वाचला. त्यांचा आवाज खणखणीत होता. ती ओळ संपूर्ण हॉलमध्ये ऐकू गेली.

काकी म्हणाली, "ह्या खोटा आसा."

"काय?"

"कमरेक काय नव्हता. हात मी लावलंय. ह्या साहेबांनी नाय लावलो. ट्यूब लाकडांखाली गावली."

"हा अंगठा तुमचा आहे की नाही?"

"माझो."

"आणि त्याच्या वर काय लिहिलंय? वाचून दाखवले, बरोबर आहे. वाचून दाखवलं होतं की नव्हतं?"

त्या वेळी काकीने मागे पाहिलं. माझ्याकडे. ती किती वेळ बघत होती ते मला सांगता येणार नाही. मी पदराचं टोक दातात धरलं होतं. तिने खरं सांगितलं असतं तर मला तिथल्या तिथे पुढे बोलावलं असतं, तिच्या जागी उभं केलं असतं.

काकी वळली. "वाचून दाखवलेला," ती म्हणाली. "बरोबर वाचून दाखवलेला. माझाच लक्ष नव्हता. पोर रडत होता, तिच्याकडे माझा ध्यान."

लुगड्याचा रंग चुकला म्हणून मूठ पदराखाली घेणारी ती. तिच्या तोंडून मी ऐकलेलं एवढं एकच खोटं.

सरकारी वकील तिच्यावर तुटून पडले. लक्ष न देता अंगठे देता? किती पंचनाम्यांवर दिलेत असे? आरोपी बाईने काय दिलं तुम्हाला? काकी कठड्याला धरून उभी राहिली आणि प्रत्येक प्रश्नाला एकच सांगत राहिली, की कमरेला काही नव्हतं. शेवटी वकील म्हणाले, साक्षीदार फितूर झाली आहे.

शेवंता सुटली. मॅजिस्ट्रेटना पंचनाम्याचा भरवसा वाटला नाही. बाहेर येऊन शेवंताने काकीला मिठी मारली आणि तो नकलेचा कागद तिच्या हातात कोंबला. "घे हा, काकी. मला नको घरात."

आम्ही दोघी चालत परत आलो. नदीचा पूल आला तेव्हा ती मधोमध थांबली, जिथे तिने चपला मांडल्या होत्या तिथेच.

"भियालंस?"

मी मान हलवली.

तिने कागद पुढे केला. "आता वाच. पयल्यापासून. मोठ्यान."

ऊन होतं. भाजीची हातगाडी जात होती, शाळेतली मुलं जात होती, कर्णिककाका छत्री घेऊन समोरून येत होते. मी वाचायला लागले. दुसऱ्या ओळीला तिने थांबवलं, "आयकाक येना नाय." मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. घसा फाटेल एवढ्या आवाजात वाचलं. तारीख, जागा, नावं, आणि ती ओळ. हातगाडीवाला थांबून बघायला लागला. कर्णिककाका छत्री मिटून उभे राहिले. मी 'वाचून दाखवले, बरोबर आहे' इथपर्यंत वाचलं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"कोणी खाल्ल्यान तुका?" काकी म्हणाली.

मग कागदाचे तुकडे करून तिने नदीत टाकले आणि घरी जाऊन मला चहा दिला. माफ कर म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं. तिने साखर किती घालू विचारलं, आणि ते राहून गेलं.

त्यानंतर जाधव हवालदार खालून हाक मारायचे बंद झाले. एकदा ते नुसतेच येऊन गॅलरीत बसले. "साहेबांचा हुकूम आहे काकी. फितूर पंच नको म्हणतात." काकीने त्यांना विचारलं, "बाहुलीचो हात चिकटलो?" ते म्हणाले, चिकटला. लोकांत कुजबुज झालीच. दारूवाल्यांकडून काकीने काही घेतलं असणार, असं नळावर ज्या बायका बोलत होत्या त्यांतल्या दोघींची बाळंतपणं तिने केली होती. मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा तोंड उघडलं. "खोटं आहे ते," मी म्हणाले. "चूक माझी होती." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मुकी बोलली याचंच त्यांना जास्त नवल वाटलं, काय बोलली ते कोणी ऐकलं की नाही कोण जाणे. आणि काकीला जे सांगायचं ते मी नळावरच्या बायकांना सांगितलं, हे मला हंडा घेऊन घरी आल्यावर लक्षात आलं.

त्याच वर्षाच्या शेवटी तिची नोकरी संपली. भावाने गावी बोलावलं. निघायच्या दिवशी ती माझ्या दारात आली, हात दाखवले, आणि चादरीची घडी माझ्या ओट्यावर ठेवली. ती अजून माझ्याकडे आहे. मीही ती अंथरत नाही.

बोरिवलीच्या डेपोत मी तिला पोचवायला गेले. एक पत्र्याची ट्रंक, एक पिशवी. गाडी लागलेली होती. काकीने गाडीच्या पाटीकडे बोट केलं. "वाच गो. मोठ्यान."

डेपो माणसांनी भरला होता. मी वाचलं. बोरिवली, पनवेल, महाड, चिपळूण, राजापूर, कणकवली, मालवण. एकेक नाव ओरडून वाचलं. दारातला कंडक्टर हसायला लागला, "ताई, माझं काम तुम्हीच करा." काकीचा अंगठा पेरांवरून सरकत होता.

मग ती वर चढली, खिडकीशी बसली. मी खाली, खिडकीची दांडी धरून. ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

"झाला?" तिने वरून विचारलं. "इतक्याच?"

माझ्या मनात एक ओळ होती. कोर्टाच्या दिवसापासून होती. आता मला मोठ्याने बोलता येत होतं. तिनेच शिकवलं होतं.

"इतकंच, काकी," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं, कोर्टात पाहिलं होतं तसं. मग गाडी हलली आणि तिने खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढले. तळवे माझ्याकडे, बोटं फाकलेली. गाडी वळेपर्यंत ते हात तसेच बाहेर होते.